काल 'सुरक्षित', आज 'असुरक्षित'. कॅलिफोर्नियातील रिव्हॉल्व्हरच्या यादीचा घोळ काय?

अमेरिकेत शस्त्र बाळगण्याचा हक्क राज्यघटनेने दिला आहे. पण दुकानात कोणती रिव्हॉल्व्हर मिळणार, हे अनेकदा राज्यच ठरवते. कॅलिफोर्नियाचेच घ्या. तिथे २००१ पासून डीलरला साधारणपणे सरकारी 'रोस्टर'मधील, म्हणजे मंजूर यादीतील मॉडेलच नवे विकता येते.

यादीत येण्यासाठी परीक्षा कडक आहे. एका मॉडेलच्या तीन बंदुका, प्रत्येकीतून ६०० गोळ्या. शिवाय सुमारे एक मीटर उंचीवरून काँक्रीटवर आपटायचे. बार उडाला की नापास. हातातून निसटलेल्या बंदुकीने जीव जाऊ नये, हा हेतू योग्यच.

घोळ पुढे आहे. कंपनीने वार्षिक शुल्क भरले नाही, तर मॉडेल यादीतून बाहेर! बंदूक तीच, चाचणीचा निकालही तोच. मग कालची सुरक्षित रिव्हॉल्व्हर आज 'असुरक्षित' कशी?

सवलतीही गमतीशीर आहेत. काउबॉय चित्रपटांत दिसणाऱ्या, दरवेळी घोडा मागे ओढाव्या लागणाऱ्या 'सिंगल-ॲक्शन' रिव्हॉल्व्हर ठरावीक लांबीच्या असतील तर त्यांना चाचणी नाही. पोलिसांना यादीबाहेरचे मॉडेल घेता येते. शेजारच्या नेवाडातून राहायला येणारा आपली यादीबाहेरची रिव्हॉल्व्हर सोबत आणू शकतो, फक्त ६० दिवसांत नोंद करायची. त्याच्याच गल्लीत आधीपासून राहणाऱ्याला मात्र तीच रिव्हॉल्व्हर दुकानातून नवी घेता येत नाही. शुल्काची अट काढून फक्त चाचणी ठेवली, तर यातला निम्मा घोळ मिटेल.