खळखळ आणि खदखद

पाण्याच्या दिवशी छत्रपती संभाजीनगरात माणसाआधी कान जागे होतात. पहाटे उघडा ठेवलेला नळ आधी फुसफुसतो, मग गुडगुडतो. नळातली हवा बाहेर पडत असते. त्यानंतर कुठे बादलीत खळखळ. अंथरुणातूनच कळतं, कधी उठायचं ते.

मराठीने हे आवाज नीट वाटून दिले आहेत. भाताचं आधण खळखळतं, डाळ रटरटते, पिठलं खदखदतं. पाणी पातळ, त्यातला बुडबुडा सहज फुटतो. पिठल्यात वाफेला दाट थर फोडून वर यावं लागतं. थर फुगतो, फुटतो आणि ढवळणाऱ्याच्या मनगटाला चटका देतो. आवाजावरून हुक्का ‘गुडगुडी’ झाला. घागर पाण्यात धरली की बुडबुड. पण ‘बुडबुड घागरी’च्या गोष्टीत तोच आवाज ‘बुड’ अशी आज्ञा होतो आणि खोटं बोलणाऱ्याला बुडवतो.

बातम्यांनी यातली ‘खदखद’ तेवढी उचलली. तिकीट हुकलं, खदखद. पद गेलं, खदखद. दुसऱ्या दिवशी तोच नाराज हार घालून घेताना दिसतो. ज्याने कधी पिठलं केलंय तो ही चूक करणार नाही. खदखदायला दाटपणा लागतो, खाली जाळ लागतो आणि ढवळलं नाही तर पिठलं बुडाला लागतं. एका रात्रीत निवते ती खदखद नव्हे. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण तिथे पुरते.

खरी दाट गोष्ट पाण्याचीच आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं हेच शहर, वसवली आणि नहर काढून तिला पाणी दिलं. पाणचक्कीच्या हौदातही खापरी नळांतून आलेलं पाणी भिंतीवरून कोसळत असे. पुढे १९७६ मध्ये पैठणला जायकवाडी धरण पुरं झालं. तरी शहराच्या नळाला पाणी कित्येक दिवसांआड.

‘खळखळ’चा आणखी एक अर्थ आहे: कां-कूं, कुरकुर. नळ रोज खळखळत नाही आणि आपणही खळखळ न करता ड्रम भरून ठेवतो. याला खदखद म्हणायचं, तर आधी झाकण तरी हलायला हवं.