गाढ झोप? डोंबलाची!

आपल्याकडे घोरणाऱ्या माणसाबद्दल दोनच प्रतिक्रिया असतात. एक, खो खो हसायचं. दोन, "किती गाढ झोप लागलीय बिचाऱ्याला" म्हणून कौतुक करायचं. मला आता या दोन्हींचा संताप येतो. का ते सांगतो.

तर झालं असं. दीड वर्षापूर्वी अकोल्याचं एक लग्न आटोपून आम्ही अमरावतीला परत येत होतो. बाबा गाडी चालवत होते, मी शेजारी. माना ते लोणी पट्टा, म्हणजे जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची डांबरी लेन १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेस बुकात गेलेला तोच रस्ता. सरळ, गुळगुळीत. दुपारचे चार. आणि गाडी हळूहळू डावीकडे सरकायला लागली. बघतो तर बाबांचे डोळे मिटलेले! स्टेअरिंग वेळेत ओढलं म्हणून आज हे टंकतोय.

घरी आल्यावर चर्चा काय? लग्नाचं जेवण जड झालं. ऊन होतं. वय झालं. बाबा म्हणाले, "कायले घाबरून राहिला बे, एक डुलकी तं लागली."

आई मात्र गप्प होती. रात्री स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "ते घोरतात तवा मले काई वाटत नाई. मधातच आवाज बंद होते न, तवा भीती वाटते. मंग मी उठून बसते."

किती वर्षांपासून? "झाले असतील दहा-बारा."

दहा-बारा वर्षं ही बाई अंधारात नवऱ्याचा श्वास मोजत होती. आणि आम्ही भावंडं सकाळी चहाच्या वेळी बाबांच्या घोरण्याची नक्कल करून हसत होतो. साला, लाज वाटली.

या आजाराचं नाव ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बंद होते. किमान दहा सेकंद हवा थांबली की एक ॲप्निया मोजतात. रक्तातला ऑक्सिजन घसरतो, मेंदू काही क्षण जागा होतो, माणूस धसकून श्वास घेतो आणि परत झोपतो. सकाळी यातलं काही आठवत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये बप्पी लाहिरी मुंबईत गेले तेव्हा डॉक्टरांनी कारण म्हणून हेच नाव सांगितलं होतं. मी बातमी वाचली आणि विसरलो.

आणि हा काही लाखात एकाचा आजार नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उडवाडिया आणि सहकाऱ्यांचा २००४ सालचा अभ्यास आहे. ३५ ते ६५ वयाच्या मुंबईकर पुरुषांमध्ये १९.५ टक्के लोकांचा श्वास झोपेत अडखळत होता. सोबत दिवसा झोप येणारे ७.५ टक्के. म्हणजे तुमच्या सोसायटीत, तुमच्या टीममध्ये कोणीतरी नक्की आहे.

मग पकडत का नाही? कारण हा बग फक्त रात्री येतो आणि युजर तेव्हा झोपलेला असतो! त्याला तो कधीच रिप्रोड्यूस करता येत नाही. बाबांना बीपीच्या एकाच्या दोन, दोनाच्या तीन गोळ्या झाल्या. लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी एकदाही विचारलं नाही की रात्री घोरता का. गोळ्यांना दाद न देणाऱ्या बीपीमागे बरेचदा ॲप्निया असतो, ही काही गुपित माहिती नाही.

आता नेहमीचे आक्षेप.

"वायरी लावून झोप कशी लागेल?" डोक्यावर, डोळ्यांजवळ, हनुवटीवर, पायांवर इलेक्ट्रोड, छाती-पोटावर पट्टे, नाकाशी नळी, बोटाला ऑक्सिमीटर. प्रकार विचित्र दिसतो खरा. पण टोचत काहीच नाही, आणि निदानाला साधारणपणे काही तासांची झोपही पुरते.

"तयारी फार असते." डोंबल! त्या दिवशी दुपारची झोप नाही, दुपारनंतर चहा-कॉफी नाही, दारू नाही. केस धुऊन जायचं, तेल लावायचं नाही, नाहीतर इलेक्ट्रोड चिकटत नाहीत (बाबांचा खरा विरोध इथे होता :-)). नखांना नेलपॉलिश नको. सुटसुटीत कपडे, स्वतःची उशी, गोळ्यांची यादी. नेहमीची औषधं आपल्या मनाने बंद करायची नाहीत. संपलं.

"घरीच मशीन लावून होते ना?" होते, आणि लक्षणं स्पष्ट असतील तर चांगली होते. पण ती बहुधा प्रत्यक्ष झोप मोजत नाही, त्यामुळे आकडा कमी येऊ शकतो. हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा मोठा आजार असेल तर लॅबच बरी. हे डॉक्टरांनी ठरवायचं, दुकानदाराने नाही.

आधी एपवर्थ स्केल भरतात. १९९१ मध्ये मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी केलेले आठ साधे प्रश्न, २४ पैकी गुण, दहाच्या वर गेलात तर चौकशी करा. बाबांनी स्वतः भरला, ५ आले. आईने शेजारी बसवून भरून घेतला, १७ आले.

रिपोर्ट आला. तासाला ४१ वेळा श्वास अडत होता. ३० च्या वर म्हणजे तीव्र. ऑक्सिजन ७२ पर्यंत खाली. आणि आम्ही याला गाढ झोप म्हणत होतो!

आता बाबा सीपॅप लावून झोपतात. ऑस्ट्रेलियात १९८१ पासून वापरात आलेलं तंत्र आहे, हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवतं. पहिला आठवडा मास्क फेकून दिला, चिडले. मास्कचा साइझ बदलला, मग जमलं.

आणि आपण? सर्व्हर रात्री दोन मिनिटं डाऊन झाला तर आपल्याला अलर्ट येतो. मनगटावरचा बँड रोज आपला स्लीप स्कोअर दाखवतो, तो आपण मित्रांना दाखवतो. आईबापाचा श्वास रात्री चाळीस चाळीस वेळा थांबतो, त्याचा लॉग कोणाकडेच नाही. मीही याच जातीचा, म्हणून बोलतोय.

असो. आज घरी फोन करालच, तर बाबांना विचारू नका, ते "मस्त झोपतो" म्हणतील. आईला विचारा. आणि आई घोरत असेल तर बाबांना, कारण बायकांनाही हे होतं, फक्त त्यांच्या घोरण्याबद्दल घरात कोणी बोलत नाही.

मागच्या वीकांताला अमरावतीला गेलो होतो. आई सकाळी साडेसातला उठली. चहा मी केला.