चित्रातून अक्षर ऐकू यावे

जून आला की वह्या-पुस्तकांच्या दुकानांत चित्रमय अंकलिप्यांचे गठ्ठे लागतात. अंगणवाडीच्या भिंतीवर मुळाक्षरांचा नवा तक्ता येतो आणि घरात तीन-चार वर्षांचे मूल असले की कुणीतरी हौसेने अंकलिपी घेऊन येते. कितीतरी मराठी घरांत मुलाच्या हाती पडणारे ते पहिले पुस्तक असते. काही घरांत ते एकमेव असते. म्हणून या अंकाचे संपादकीय त्या पुस्तकासाठी ठेवले आहे. आपल्या वाचकांत अंगणवाडी ताई आहेत, बालवाडीच्या आणि पहिलीच्या शिक्षिका-शिक्षक आहेत, मुलांसाठी चित्रे काढणारे आणि पुस्तके छापणारेही आहेत. या सगळ्यांशीच बोलायचे आहे.

अक्षराशेजारी चित्र कशासाठी असते, इथून सुरुवात करू. मुलाने चित्र ओळखावे, त्याचे नाव मोठ्याने घ्यावे, नावाच्या सुरुवातीचा ध्वनी त्याच्या कानांना वेगळा जाणवावा आणि शेजारचा आकार त्याच ध्वनीचा आहे हे त्याला उमगावे, यासाठी ते असते. यातले काहीही निसटले, की उरते ते पाठांतर. मूल सुरात ‘अ अननसाचा, आ आईचा’ म्हणते, घरी आलेल्या पाहुण्यांना म्हणून दाखवते, आणि तेच अक्षर दुसऱ्या कागदावर दिसले की गप्प होते.

हाताशी असेल ती अंकलिपी घ्या. अक्षरे झाकून नुसती चित्रे मुलांना दाखवा आणि ‘हे काय आहे?’ एवढेच विचारा. ‘ध’च्या चौकोनात धनुष्य असते, पण चित्रकार त्याला बाण लावूनच काढतात. मूल म्हणते, बाण. थोडे आधी ‘ण’च्या चौकोनात तोच बाण येऊन गेलेला असतो. ‘ट टरबुजाचा’ असे छापलेले असते, पण लाल फोड पाहून पुण्या-साताऱ्याकडचे मूल कलिंगड म्हणते. दप्तराला मुले बॅग म्हणतात, रथाला घोडागाडी, लसणीच्या गड्ड्याला कांदा. नळ एका पुस्तकात ‘न’चा असतो आणि दुसऱ्यात ‘ळ’चा. यात मुलाचे काहीही चुकलेले नाही. त्याने जे पाहिले त्याचे नाव सांगितले. ते नाव त्या अक्षराकडे नेत नाही, ही उणीव पुस्तकाची आहे.

या उणिवेवर नेहमी सुचवला जाणारा उपाय म्हणजे जुन्या वस्तू काढून नव्या घालणे. उखळ, ऐरण, खटारा, औत यांना निरोप द्यावा आणि मुलांच्या आजच्या वापरातल्या वस्तू आणाव्यात. मला हा उपाय अपुरा वाटतो. बुलढाण्यातल्या शेतकऱ्याच्या मुलाला औत रोज दिसते, ठाण्याच्या सोसायटीतल्या मुलाला दिसत नाही. अननस दोघांपैकी कुणाच्या घरी किती वेळा येतो हे तुम्हीच ठरवा. वस्तू नवी की जुनी यापेक्षा, तिचे नाव मुलाच्या तोंडी आहे का आणि चित्र पाहून तेच एक नाव बाहेर पडते का, याला महत्त्व आहे. ‘फ’साठी जास्वंद काढली तर अर्धी मुले जास्वंद म्हणतील आणि ती बरोबरच असतील. फणस काढला तर कोकणात एकही मूल अडणार नाही. छत्री जवळजवळ सगळीकडे छत्रीच असते. अशी सुरक्षित चित्रे शोधावी लागतात, आणि ती चित्रकाराच्या टेबलावर सापडत नाहीत, मुलांमध्ये बसून सापडतात.

आता ‘ण’ आणि ‘ळ’ यांच्याकडे वळू, कारण अंकलिपीचा साचा इथे उघडा पडतो. एक अक्षर, त्याने सुरू होणारा एक शब्द, त्याचे एक चित्र असा तो साचा आहे. इंग्रजी अक्षरपुस्तकांचाही तोच आहे आणि तिथेही एक्सपाशी तो अडखळतो. मराठीत ‘ण’ आणि ‘ळ’ यांनी शब्द सुरूच होत नाही. ‘ङ’ वाङ्मयासारख्या एखाद्या शब्दात भेटतो, ‘ञ’ तर लहान मुलाच्या शब्दांत येतच नाही. तरीही चौकोन भरायचा म्हणून ‘ळ बाळाचा’ येतो. गोंडस बाळ पाहून मूल ‘बाळ’ म्हणते, त्याच्या कानांना ‘बा’ ऐकू येतो आणि समोर आकार असतो ‘ळ’चा. आतापर्यंत प्रत्येक पानाने त्याला शब्दाची सुरुवात ऐकायला शिकवलेले असते. या पानावर नियम बदललेला असतो आणि ते त्याला कुणी सांगितलेले नसते.

यातून वाट काढणे अवघड नाही. ‘ळ’च्या पानावर बाळ, फळ, नळ आणि माळ अशी चार चित्रे एकत्र द्या. चारही नावे एकामागून एक घेतली की शेवटचा सारखा ध्वनी चार वर्षांच्या मुलालाही कळतो. ‘ण’साठी वेणी, फणी, गोणी, पाणी घ्या. मुले ती गाण्यासारखी म्हणतील आणि ‘णी’ आपोआप वर येईल. ‘च’साठी चंद्र आणि चाक ही दोन्ही चित्रे हवीत, ‘ज’साठी जीभ आणि जाळे, कारण आकार एक असला तरी उच्चार दोन आहेत. एकच चित्र देऊन आपण मुलापासून निम्मे अक्षर लपवतो. ‘ष’ला मात्र षटकोन काढून बळेच पान देऊ नये. तीन-चार वर्षांच्या मुलाला षटकोन ठाऊक नसतो, आणि आपल्यातले बहुतेक जण त्याचा उच्चार ‘श’सारखाच करतात. ‘ष’ दोन वर्षांनी आला तरी काही बिघडत नाही.

आणखी एक गोष्ट वऱ्हाड-खानदेशातल्या ताईंना सांगायला नको, पण पुण्या-मुंबईत पुस्तके करणाऱ्यांना सांगायला हवी. तिकडच्या अनेक घरांत ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळ्याला ‘डोया’ म्हणतात. कितीतरी घरांत पाणी ‘पानी’ असते. त्या मुलाने ‘ळ’चे चित्र बरोबर ओळखले, नावही घेतले, तरी त्याच्या स्वतःच्या उच्चारात ‘ळ’ नाही. अशा वेळी त्याला हसू नये, अडवूही नये. त्याचा शब्द आधी स्वीकारावा आणि मग आपला उच्चार त्याच्याशेजारी ठेवावा, पुन्हा पुन्हा. गडचिरोलीत गोंडी बोलणाऱ्या मुलाच्या घरी घराला रोन किंवा लोन म्हणतात. ‘घ घराचा’ हे पान त्याच्यासाठी अक्षराच्या आधी एका नव्या भाषेचे पान आहे. त्याला आधी ‘घर’ हा मराठी शब्द भरपूर ऐकायला आणि बोलायला मिळाला पाहिजे. बोर्डीला 1945 मध्ये आणि पुढे कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी पाड्यांवर बालशिक्षणाचे काम केले. परिसरातली पाने, बिया, खडे हीच त्यांची शैक्षणिक साधने होती. मुलाच्या ओळखीच्या जगातून पुढे जायचे हे सूत्र आपल्याकडे इतके जुने आहे, तरी आपल्या अंकलिप्या एकाच साच्याच्या निघतात.

माझा सर्वांत मोठा आक्षेप मात्र चित्रांवर नाही. अंकलिपी मुलाला देवनागरी लिपीची चुकीची कल्पना देते, हा तो आक्षेप आहे. ‘इ इमारतीचा’ शिकलेले मूल ‘दिवा’ या शब्दात ‘इ’ शोधू लागले तर त्याला तो सापडणार नाही. तिथे वेलांटी आहे. स्वरांची अक्षरे आपल्या लिखाणात मुख्यतः शब्दाच्या सुरुवातीला दिसतात, बाकी सगळीकडे काना, मात्रा, वेलांटी, उकार यांचेच राज्य असते. मराठीचे कोणतेही पान उघडा, कान्याशिवाय एक ओळ सापडणे कठीण. आणि नेमका हा भाग चित्रमय पुस्तकात नसतो. असलाच तर शेवटच्या पानांवर बाराखडीच्या चित्रहीन रांगा असतात. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध केला. अक्षरांवर पकड येण्याचे काम आपल्या लिप्यांत प्राथमिक शाळेची पहिली काही वर्षे चालू राहते, हे त्यातून स्पष्ट झाले. पालघर जिल्ह्यातला वाडा आणि कर्नाटकातला यादगीर इथे काही वर्षे झालेल्या वाचन-लेखनाच्या मोठ्या अभ्यासातही स्वरचिन्हांपाशी अडकणारी मुले दिसली. पहिलीच्या शिक्षकांना हे अनुभवाने ठाऊक आहे. मग चित्राची मदत आपण सोप्या जागी का खर्च करतो आणि अवघड जागी मुलाला एकटे का सोडतो?

फलटणला मॅक्सीन बर्नसन आणि प्रगत शिक्षण संस्थेने मुळाक्षरांचा क्रम बाजूला ठेवून अक्षरांचे गट करून वाचन शिकवले. त्यामागचा विचार आपल्या चित्रपुस्तकांत यायला हवा. म, क, ब ही तीन अक्षरे आणि त्यांच्याबरोबर काना घेतला तरी मका, बाक, मामा, काका, बाबा हे शब्द तयार होतात. या सगळ्यांची चित्रे काढता येतात आणि मूल ती खरोखर वाचू शकते. आठ पानांचे, स्वस्त, एका गटाचे एक पुस्तक. ते संपले की पुढच्या गटाचे. प्रकाशकांना याचा हिशेब जमणार नाही असे वाटत असेल तर त्यांनी अंकलिपीच्या आवृत्त्या किती खपतात ते आठवावे. ही छोटी पुस्तकेही त्याच गिऱ्हाइकाला हवी आहेत.

क ते ज्ञ हा क्रम मोडा, असे मी म्हणत नाही. कंठापासून ओठांपर्यंत सरकत जाणारी आपली व्यंजनांची मांडणी अतिशय देखणी आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ती तोंडाच्या आत बोट दाखवून समजावली तर ते थक्क होते. पण ते सौंदर्य वाचता येऊ लागल्यानंतर कळते. वाचायला शिकण्याच्या क्रमाशी त्याचा संबंध नाही. शब्दकोश पाहायला शिकताना तो क्रम पाठ व्हावा, तिसरीत.

चित्रकारांसाठी दोन अभ्यास सांगतो. लिनिया एरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये दाखवले, की चित्र अक्षराच्या शेजारी ठेवण्यापेक्षा अक्षराच्या आकारातच ते गुंफले तर मुलांच्या लक्षात ध्वनी अधिक चांगला राहतो. तो अभ्यास इंग्रजी अक्षरांचा होता, पण देवनागरीत हे करून पाहायला भरपूर वाव आहे. ‘न’ची आडवी रेघ आणि उभा दंडा यांत नळ सहज बसतो. ‘ळ’च्या दोन वाटोळ्या भागांचे डोळे होतात, आणि ‘डोळे’ या शब्दात ‘ळ’ आहेच. दुसरा अभ्यास सिंथिया चियाँग आणि ज्युडी डीलोच यांचा, 2013चा. अडीच-तीन वर्षांच्या मुलांनी साध्या अक्षरपुस्तकातून जितकी अक्षरे उचलली तितकी हलणाऱ्या, ओढायच्या, उघडायच्या भागांच्या पुस्तकातून उचलली नाहीत. हात त्या करामतीत गुंतले आणि अक्षर मागे राहिले. महागड्या परदेशी पुस्तकांच्या नकला करू पाहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. साधे असणे म्हणजे कोरडे असणे नव्हे. रवींद्रनाथांचे बंगाली ‘सहज पाठ’ 1930 मध्ये आले, नंदलाल बोस यांच्या काळ्या-पांढऱ्या छापचित्रांसह. त्यात अक्षरे जिवंत माणसांसारखी काहीतरी करत असतात. रंगांची उधळण नसूनही ते पुस्तक बंगालात पिढ्यान् पिढ्या मुलांच्या हाती राहिले.

छपाईबद्दल थोडक्यात. राज्य शासनाच्या 2009च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ठरवून दिला, ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत जागा दिली. तरीही हिंदी वळणाच्या फॉन्टमध्ये मराठी अंकलिप्या छापल्या जातात. फळ्यावर एक ‘ल’ आणि पुस्तकात दुसरा ‘ल’ हे मुलाच्या माथी मारू नका. योग्य फॉन्ट निवडायला पैसा लागत नाही.

शिक्षिकांना मात्र नव्या पुस्तकाची वाट पाहावी लागणार नाही. हातातली अंकलिपीही नीट वापरता येते. मूल चित्राकडेच पाहत असते, अक्षराकडे त्याची नजर आपोआप जात नाही. ती तुमच्या बोटाबरोबर जाते. म्हणून बोट ठेवा, नाव विचारा, मुलाने दिलेले नाव मान्य करा, ते नाव अक्षराशी जुळत नसेल तर तसे मोकळेपणाने सांगा आणि जुळणारा दुसरा शब्द मुलांकडूनच काढा. एका बैठकीत दोन अक्षरे पुरेत. ‘म्हणा माझ्या मागे’ हे शक्य तितके कमी.

वाचकांना एक काम देत आहे. तुमच्या अंगणवाडीतल्या किंवा वर्गातल्या अंकलिपीची अक्षरे झाकून मुलांना चित्रे दाखवा आणि प्रत्येक चित्राला मुलांनी दिलेली नावे, त्यांच्याच उच्चारात, लिहून पाठवा. सोबत गावाचे, तालुक्याचे नाव आणि मुले घरी कोणती भाषा बोलतात ते कळवा. मुलांची नावे पाठवू नका, त्यांची गरज नाही. आलेली माहिती आम्ही जिल्हावार याद्या करून पुढच्या अंकांत छापू. यंदा नवी अंकलिपी काढायला घेतलेल्या चित्रकारांना आणि प्रकाशकांना विनंती, की ती यादी पाहिल्याशिवाय चित्रांची निवड पक्की करू नये.