डीजेला वर्गणी, गिटारला उपदेश

१४ एप्रिल जवळ आला की अमरावती-अकोल्यातल्या आपल्या वस्त्यांत पावतीपुस्तकं फिरू लागतात. रोजमजुरी करणारी बाईसुद्धा हात आखडत नाही, कारण वर्गणी बाबासाहेबांच्या नावाची आहे. त्यातला मोठा वाटा डीजेवर जातो. आणि त्याच वस्तीतली एखादी पोरगी स्वतः रचलेली गाणी घेऊन, गिटार खांद्याला लावून मंडळाकडे आली, मला अल्बम रेकॉर्ड करायचा आहे म्हणाली, तर तिला काय मिळतं? उपदेश! "गिटार आपली संस्कृती नाही, एकतारी घे."

या उपदेशालाच आमचा विरोध आहे.

आपलं वाद्य कोणतं ते एकदा ठरवूच. भीमगीतांची हार्मोनियम युरोपातून आली. आकाशवाणीने तिला १९४० पासून तीसेक वर्षं दाराबाहेर उभं केलं होतं. ज्या बेंजोवर आपले पाय थिरकतात त्याचं मूळ जपानी ताइशोगोतोत आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नागोया शहरात तयार झालेल्या वाद्यात. खुद्द बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. वाद्याची जात विचारायची खोड कोणाची, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

आता लंडनची एक गोष्ट. तिथे १९७६-७७ च्या सुमारास पंक संगीताने, आधी वर्षानुवर्षं उस्तादापुढे बसा आणि मगच मंचावर या, ही अटच मोडून टाकली. विव्ह अल्बर्टाइन या मुलीने गिटार विकत घेतली तेव्हा तिला ती वाजवताही येत नव्हती. तरी ती 'द स्लिट्स' या मुलींच्या बँडची गिटारवादक झाली. १९७९ च्या त्यांच्या 'कट' अल्बममध्ये जमैकाच्या काळ्या माणसांच्या रेगेचा ठेका आहे. पंकच्या पुढच्या या वळणाला पोस्ट-पंक म्हणतात. पुढे बँड मोडला. मग संसार, मूल, कर्करोग. गिटार पंचवीसेक वर्षं गप्प. २०१२ साली, पन्नाशी उलटल्यावर, तिचा एकटीच्या नावाचा अल्बम आला: 'द व्हर्मिलियन बॉर्डर'. त्यासाठी श्रोत्यांनी इंटरनेटवरून आधीच पैसे भरले होते. तिकडे या पद्धतीला भारदस्त इंग्रजी नाव आहे. आपण तिला वर्गणी म्हणतो!

कोणी म्हणेल, ती गोरी, आधीच नाव कमावलेली. तिची आणि आपल्या पोरीची बरोबरी कशी? नाहीच. म्हणून तर आपल्या पोरीला वर्गणीची गरज जास्त आहे.

आणि एकटीच्या नावाचा अल्बम कशाला, असंही विचारतात. डीजेपुढे नाचणाऱ्यांपैकी कितीजण गाण्याच्या कवीचं नाव सांगू शकतील? वामनदादा कर्डकांची गाणीसुद्धा निनावी वाजतात. अल्बमवर निदान लिहिलेलं असतं की हे शब्द हिचे, ही चाल हिची. आपल्या माणसांचं श्रम घेऊन नाव पुसण्याचा धंदा दुसऱ्यांनी पुष्कळ केला. तो आपल्याच मिरवणुकीत कशाला?

इर्विन चौकात आणि अशोक वाटिकेत यंदाही लोक लोटतील. मंडळांनी एका रात्रीचा डीजे कमी करावा आणि जमाखर्चाच्या फलकावर 'गाण्यांचं रेकॉर्डिंग' अशी एक ओळ वाढवावी. डीजेवाले रागावतील. त्यांच्यातही आपलीच पोरं आहेत, आवाज कसा बसवायचा ते त्यांना कळतं. त्यांनाच त्या पोरीसोबत स्टुडिओत बसवा, मजुरी देऊन.