पैसा द्यावा, पण जमिनीसाठी

2016 च्या जानेवारीत ओरेगन राज्यातल्या हार्नी काउंटीत बंदूकधाऱ्यांनी मॅल्हर अभयारण्याचं कार्यालय बळकावलं आणि ते 41 दिवस सोडलं नाही. सरकारने जमिनीवरचा ताबा सोडावा, पशुपालक आपलं आपण बघतील, अशी त्यांची मागणी. म्होरके बाहेरचे होते. काउंटीचं मुख्य गाव असलेल्या बर्न्समधल्या बऱ्याच जणांना ते नकोच होते. पण पशुपालक स्वतःच्या बळावर उभा आहे आणि सरकार फक्त आडवं येतं, ही या बंदूकधाऱ्यांची धारणा अमेरिकेच्या पश्चिम भागात आजही घट्ट आहे.

ती खोटी आहे. या काउंटीतली सुमारे तीन चतुर्थांश जमीन केंद्र सरकारची. तिच्यावर एक गाय आणि तिचं वासरू महिनाभर चारायला 2019 ते 2025 या काळात 1.35 डॉलर पडत होते. खासगी कुरणाला 20 डॉलरच्या वर मोजावे लागतात. खासगी मालक कुंपण आणि पाण्याची सोय करून देतो, सरकारी रानात ती बरीचशी पशुपालकालाच करावी लागते, हे मान्य. तरी एवढी तफावत त्याने भरून निघत नाही. 2004 या आर्थिक वर्षात केंद्राने चराईच्या व्यवस्थेवर किमान 14.4 कोटी डॉलर खर्चले आणि शुल्कापोटी जमा झाले जेमतेम 2.1 कोटी. शिवाय दुष्काळाची भरपाई वेगळीच. काउंटीच्या एका कोपऱ्यात जरी दुष्काळ ठरलेल्या तीव्रतेला पोचला, तरी सगळी काउंटी पात्र होते. आणि हार्नी आहे सुमारे 26,000 चौरस किलोमीटरची!

मग हे सगळं बंदच करा, असं शहरातले टीकाकार म्हणतात. तेही मला पटत नाही. चराईचा परवाना रँचला, म्हणजे पशुपालकाच्या खासगी जमिनीला, जोडलेला असतो, त्यामुळे स्वस्त चराईची किंमत रँचच्या भावात केव्हाच मिसळून गेली आहे. आजच्या मालकाने कर्ज काढून ती आधीच्या मालकाला मोजली आहे. सवलत एका फटक्यात काढली तर बुडेल तो हा. रँच मोडली, तुकड्यांनी विकली गेली, तर तिची ओली गवताळ कुरणंही जातील. वसंतात स्थलांतरी पक्षी ज्या कुरणांत उतरतात, त्यांतली बरीचशी खासगी मालकीची आहेत. ती राखायला लोकांचा पैसा खर्च होत असेल तर तो सार्थकीच लागला.

हार्नीनेच हे करून दाखवलं आहे. 2000 साली स्टीन्स पर्वतासाठी कायदा झाला. पशुपालकांना बदली जमीन आणि रोख रक्कम मिळाली, आणि त्या बदल्यात सुमारे 1 लाख एकर रान गुरांपासून कायमचं मोकळं झालं. पुढे सेज ग्राउस पक्ष्यासाठी रानात माजलेली ज्युनिपरची झाडं तोडायलाही सरकारी मदत मिळाली. दोन्ही ठिकाणी पैसे दिले आणि जमिनीसाठी काहीतरी पदरात पडलं.

दुष्काळाच्या भरपाईत नेमकं उलटं होतं. ती गुरांच्या डोक्यांवर ठरते. ज्याने गुरं ठेवली त्याला पूर्ण दर. ज्याने आधीच्या वर्षा-दोन वर्षांत दुष्काळामुळे ती विकून कुरणाला उसंत दिली, त्याला विकलेल्या गुरांमागे 80 टक्केच. विक्रीचे पैसे त्याच्या हातात आले, हे कारण मला पुरेसं वाटत नाही, कारण कळप पुन्हा उभा करायला वर्षं जातात. पूर्ण दर मिळायला हवा तो यालाच.