‘च’खाली एक टिंब द्या

‘चिंच’ हा शब्द मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्या ‘च’ला जीभ टाळूला लागते, दुसऱ्याला ती पुढे सरकून दातांच्या मुळाशी टेकते. व्याकरणात पहिल्याला तालव्य म्हणतात, दुसऱ्याला दंततालव्य. लिहिताना मात्र दोन्हींना अक्षर एकच. चहातला ‘च’ वेगळा आणि चटणीतला वेगळा, हे आपल्याला कुणी शिकवलं नाही. ते घरात कानावर पडत गेलं.

ज्यांच्या घरात मराठी नाही त्यांनी काय करायचं? मी संध्याकाळी अमराठी प्रौढांना मराठी शिकवते. बँकेतले कर्मचारी, इस्पितळातल्या नर्स असे विद्यार्थी असतात. ‘चार पोळ्या वाढ’ आणि ‘गुरांना चारा घाल’ यांतले दोन ‘च’ वेगळे आहेत, हे पुस्तकात कुठेच दिसत नाही. ‘त्याचा’ म्हणताना दंततालव्य, ‘त्याची’ म्हणताना तालव्य, ‘त्याच्या’ म्हणतानाही तालव्य. पुढे ‘इ’ किंवा ‘य’ आला की जीभ टाळूकडे वळते, एवढा नियम मी सांगू शकते. पण चंद्र आणि चमचा यांत तोही उपयोगी पडत नाही. चंद्र संस्कृतातून आपला उच्चार घेऊन आला, हे शिकणाऱ्याला कसं कळावं?

शब्दाच्या शेवटी लागणाऱ्या ‘च’चं काम तर आणखी नाजूक. ‘तूच ये’, ‘आजच ये’, ‘तू येच’ या तिन्हींत आग्रह आहे, पण प्रत्येकात तो वेगळ्या गोष्टीचा. आणि ‘आलोच’ म्हणजे अजून आलेलो नाही! माझी एक विद्यार्थिनी सिलिंडरवाल्याचं ‘आलोच’ ऐकून बराच वेळ दार उघडून उभी होती. हे अर्थ बोलता बोलताच कळतात, त्यांना चिन्ह देता येणार नाही. उच्चाराला मात्र देता येतं.

काश्मिरी देवनागरीत लिहितात तेव्हा दंततालव्य उच्चारासाठी ‘च’खाली टिंब देतात. तेलुगूत तर अशा ‘च’ आणि ‘ज’साठी जुनी स्वतंत्र अक्षरं आहेत. महाराष्ट्रात २०२०च्या कायद्याने सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. ज्या मुलांच्या घरी मराठीचा शब्दही नाही अशी मुलं आता ती शिकताहेत. सक्ती करायची आणि उच्चार मात्र अंदाजावर सोडायचा, हा त्या मुलांवर अन्याय आहे. मराठी घरातली, इंग्रजी शाळेतली मुलंसुद्धा ‘चांगला’ हिंदीतल्या ‘चाचा’सारखा म्हणू लागली आहेत. ते ऐकताना मला खरंच वाईट वाटतं.

टिंबांनी मराठीचं पान किचकट होईल, असं माझे काही सहकारी म्हणतात. वर्तमानपत्रात, कादंबरीत टिंब नकोच. ते शब्दकोशात आणि नवशिक्यांच्या पुस्तकात द्यावं, ‘ज’ आणि ‘झ’लाही. ‘जरा थांब’मधला ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाचा ‘जरा’ शब्दकोशात शेजारी शेजारी छापले, तर उच्चारातला फरक टिंबाशिवाय दाखवणार कसा?