आधी नमुना, मग औषध

पावसाळा लागला की अकोला जिल्ह्यातल्या बार्शीटाकळीसारख्या तालुक्याच्या गावांत तापाच्या रुग्णांची रांग लागते. दोन-तीन दिवस ताप उतरला नाही की विडाल, ती ‘पॉझिटिव्ह’ आली की टायफॉईड, मग सलाईन आणि प्रतिजैविक सेफ्ट्रिअॅक्सोन अशी वहिवाटच पडली आहे. विडाल ही 1896 सालची चाचणी. ती जंतू दाखवत नाही, रक्तातली प्रतिपिंडे दाखवते. मागे कधी होऊन गेलेला ताप किंवा भलताच संसर्गही तिला फसवू शकतो. खरा पुरावा रक्ताच्या कल्चरचा, आणि ते प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी घ्यावे लागते.

कल्चरला फार महागडे यंत्र लागतेच असे नाही. जंतू वाढवायचे, ओळखायचे, मग म्युलर-हिंटन अगारच्या बशीवर पसरून औषधांच्या चकत्या ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी चकतीभोवतीचे मोकळे वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजून तक्त्याशी ताडायचे. बाउअर आणि कर्बी यांची ही पद्धत 1966 पासून रूढ आहे. कोणते औषध लागू पडेल, हे त्यातून कळते.

घोडे अडते ते नमुन्यापाशी. लघवीचा नमुना दोन तासांत तपासायला हवा, नाहीतर थंड ठेवायला हवा. रक्ताची कल्चर-बाटली मात्र फ्रिजमध्ये ठेवायची नसते. बार्शीटाकळीहून अकोला वीसेक किलोमीटर, आणि तिथे 2002 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यामुळे तालुक्याला वेगळ्या प्रयोगशाळेची गरज नाही. ती मागितली तर इमारत होईल, फीत कापली जाईल आणि पद रिक्त राहील, हे सांगायला ज्योतिषी नको. नमुन्यांसाठी रोजची ठरलेली गाडी आणि डॉक्टरच्या मोबाइलवर वेळेत येणारा अहवाल, एवढे पुरे.

जंतू औषधांना कितपत दाद देतात, याच्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीत सेवाग्रामचे रुग्णालय आहे. पण मोठ्या रुग्णालयात रुग्ण पोचतो तो बहुधा चार औषधे खाऊन. त्या आकड्यांवरून खेड्यातल्या पहिल्या तापाचे औषध ठरवता येत नाही. औषधांच्या विक्रीवरही लक्ष हवे. सेफिक्झिम आणि सेफ्ट्रिअॅक्सोन ही प्रतिजैविके 2014 पासून औषध नियमांच्या एच-1 अनुसूचीत आहेत, त्यांच्या विक्रीची वेगळी नोंद दुकानदाराने ठेवायची असते. या वह्या अन्न व औषध प्रशासनाने उघडून पाहाव्यात. आणि अकोल्याच्या महाविद्यालयाने जिल्ह्यात कोणता जंतू कोणत्या औषधाला दाद देतो, याचा तक्ता दरवर्षी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला आणि खासगी डॉक्टरला पाठवावा. जिल्हाधिकाऱ्यांनी त्यासाठी पुढच्या पावसाळ्याची वाट पाहू नये.